कडू पाला आणि शहापूरची विहीण

३ डिसेंबर २००६, रविवार
भात निघाल्यावर माझ्या लेकानं, सुरेशनं, विहिरीजवळच्या वाफ्यात मुंबईच्या हाटेलांसाठी पाला लावलाय. चिकोरी, नि दुसरं ते अंडाईव. कुरळं, खुडूक कोंबडीसारखं फुललेलं. एखादी जुडी शहापूरला विहिणीकडं पण पोचते. माझी नात सोनू, पाच वर्षांची, गोडाचा गोळा, काल शहापूरच्या आजीकडून आली. म्हणते, "तिकडची आजी हा पाला कच्चा देते. मी वाटी संपवते." आणि माझी माठाची भाजी ताटाखाली सारते. विहिणीला मी नेऊन दिलेल्या वालांचं कवतिक नाय कधी. वर सून म्हणते, जूनपासून सोनू पयलीला, शहापूरलाच ठेवू, शाळा चांगली. मग माझ्या कुशीत कोण निजणार, ते कोण बोलत नाय.

५ डिसें. मंगळ
आज मी पण केला. चाखला तर कडूजहर. मग भारंगीच्या कडू रानभाजीगत दोनदा उकडला, पाणी पिळून टाकलं, लसणाची फोडणी. काळा लगदा झाला. सुरेश म्हणे, "आये, हा कच्चा खायचा गो. टोपलीभर उकडलास?" सोनूनं वास घेतला. "त्या आजीचा कुरकुरतो." लागलं मनाला.

७ डिसें. मार्गशीर्षातला गुरुवार
घट मांडला. सून अंडाईवची जुडी घेऊन आत आली. म्हटलं, "अंड्याचं आज घरात नको." ती पदर तोंडाला लावून हसते. "आई, पाला आहे तो. नावच तसं." नावात अंडं, तर मी काय करू? पडवीत ठेवायला लावली.

९ डिसें. शनि
गार पाण्यात ठेवला, हातानं तोडला. कांदा, तिळाचं कूट, लिंबू. तरी कडू. मग नखाएवढा गूळ चुरला. सोनूनं वाटी चाटली. "अजून दे गो आजी." दिवसभर हसू मावेना माझं. सुरेशला तीनदा सांगितलं.

१० डिसें. रवि
विहीण आली. सोनूला आठ दिवस नेते म्हणाली, सवय होते का बघू, रमली तर जूनचं पक्कं. जेवताना माझाच पाला दोनदा घेतला. "विहीणबाई, कडूपणा कसा मोडलात? मी दही घालते, तरी शेवटी जिभेवर येतोच."
सगळं सांगितलं. गार पाणी, कूट, लिंबू. गूळ तेवढा सांगितला नाय.
सोनू यष्टीच्या खिडकीतून हात हलवत गेली, हसत. उद्या सुनेला फोन लावायला सांगते. पोर जेवली का, एवढंच विचार म्हणावं.