रुळाचा तुकडा आणि अकरा न्यायमूर्ती

१ नोव्हेंबर २००२, शुक्रवार. गुडगाव

ठण्ण. पहाटे जाग आली ती स्वप्नातल्या याच आवाजाने. दिल्लीत पहाडगंजच्या मराठी शाळेत विठ्ठल शिपाई रुळाच्या तुकड्यावर टोल द्यायचा आणि माझ्या वर्गात कविता सुरू व्हायची. निवृत्तीला तो तुकडाच मला भेट मिळाला. इथे बाल्कनीत टांगला. रोज पहाटे एक टोल, एक कविता, चालीवर. गेल्या रविवारी सोसायटीने बहुमताने बंद पाडला. माझ्या बाजूने एकच हात वर. माझा. बायकोचे, भानुमतीचे, दोन्ही हात पदराखाली होते.

आज पेपरात सुप्रीम कोर्टाचा निकाल. अकरा न्यायमूर्ती! अल्पसंख्य कोण, ते राज्यानुसार ठरणार. म्हणजे मराठी माणूस हरयाणात अल्पसंख्य. आणि मी उगाच इतकी वर्षं बहुसंख्य समजून वावरलो!

अल्पसंख्याकांना स्वतःची शाळा काढायचा हक्क आहे. शाळा म्हटली की घंटा आलीच. संकल्प: शाळा काढणे.

३ नोव्हेंबर

तिसऱ्या मजल्यावरच्या दादारावांना भेटलो. नागपूरचे, कायदा खात्यातून निवृत्त. म्हणाले, सर, निकाल फार लांबलचक आहे, पूर्ण वाचा. कविता पूर्ण वाचावी. निकालाचा आशय घ्यावा. नात समता मराठी विसरत चाललीय, तिला पाठवतो म्हणाले.

सेक्रेटरी खुरानाला हक्क ऐकवला. तो जांभई देऊन म्हणाला, "ठीक है मास्टरजी, बच्चे आएँगे तो घंटी बजेगी. बच्चे नहीं, तो घंटी नहीं."

शरणागती. पुढे वकील याला 'अंबादास विरुद्ध खुराना' म्हणतील.

७ नोव्हेंबर

काल भाऊबीज, आज शाळा. माझा नातू समर्थ (चकलीच्या अटीवर), ब विंगची वैभवी, आणि समता. कायदेशीर टोल दिला. डोळे भरून आले. समर्थने विचारलं, पाखरू मतलब? पुन्हा भरून आले.

१० नोव्हेंबर

अनर्थ. सरस्वतीच्या प्रार्थनेला समता गप्प. हात जागेवर, मान ताठ, तोंड बंद. आमच्या घरी ही म्हणत नाहीत, म्हणाली, पण मी उभी राहीन ना.

मी लोकशाहीवादी. मुलांचं मत घेतलं. बहुमत माझ्याकडे. (समर्थला चकली दाखवावी लागली.) समताला घरी पाठवलं. बहुमत म्हणजे बहुमत.

भानुमती म्हणाली, खुरानाने केलं तेव्हा ती दांडगाई होती ना हो? तिला घटना कळत नाही.

११ नोव्हेंबर

दादाराव आले. चिडले नाहीत, हेच वाईट. केरळातली तीन भावंडं राष्ट्रगीताला अशीच अदबीने गप्प उभी राहायची म्हणे. शाळेने काढलं, सुप्रीम कोर्टाने शहाऐंशी साली परत घ्यायला लावलं. चहा संपवून म्हणाले, "सर, अल्पसंख्याकांच्या शाळेतही कुणीतरी अल्पसंख्य असतंच की."

मी म्हटलं, तो निकाल केरळचा.

१४ नोव्हेंबर

बालदिन. बालक नाही. वैभवी गेली, समर्थही गेला. चकली इथेच आहे. तिसऱ्या मजल्यावरून कविता ऐकू येते. दादारावांच्या लीलाबाई शिकवतात म्हणे. चाल माझी! समताने नेली असणार.

खुरानाचा निरोप: बच्चे नहीं, घंटी नहीं.

संकल्प: थेट सुप्रीम कोर्ट. अर्ज वृत्तात. न्यायमूर्तीही कधीकाळी शाळेत गेलेच असतील.

१७ नोव्हेंबर, सकाळी साडेसहा

अर्जाचा पहिला चरण बसत नाही. 'प्रतिवादी' शार्दूलविक्रीडितात कुठे घालावा?

दाराची बेल. इतक्या सकाळी? मोठी प्रकरणं कोर्ट आपणहून हाती घेतं, असं वाचलंय. कोट घातला. भानुमतीला नीट साडी नेसायला सांगितलं.

सात

कोर्ट नव्हतं. समता होती. मागे समर्थ, माझी नजर चुकवत.

म्हणाली, सर आजोबा, आमच्या शाळेला घंटा नाही. खुराना अंकल हो म्हणालेत. टोल तुम्हीच द्यायचा, असं आम्ही बहुमताने ठरवलंय.

मी ताठ राहून विचारलं, प्रार्थनेचं काय?

"आमच्याकडे आधी बुद्धवंदना असते," ती म्हणाली. "तुम्हाला येत नसेल तर नुसते उभे राहा. चालतं."