तुझ्या डबीतली कडू पूड

ॲम्स्टरडॅम, ९ मार्च १९८९

प्रिय योरिस,

तू आत्ताच वॉर्डातून घरी गेलास. वाटाण्याचं सूप भरवलंस, तोंड पुसलंस आणि निघताना पुन्हा तेच, "वेसेल, मला माफ कर रे." परवा एड्सवरच्या नव्या औषधाच्या चाचणीचे लखोटे उघडले आणि कळलं, वर्षभर तुला खरं औषध मिळालं, मला नुसती साखर. तेव्हापासून तू रडतोयस आणि मी तुझ्या पाठीवरून हात फिरवत "नशीब एकेकाचं" म्हणतोय. इतका हलकटपणा मला जमतो, हे मलाही नवीनच आहे.

सुरुवातीचे दिवस आठवतात? चार-चार तासांनी कॅप्सूल घ्यायची म्हणून दोघांच्या खिशातले गजर एकदम वाजायचे. ट्राममधली ती म्हातारी म्हणाली होती, "पोरांनो, अंडी उकडली वाटतं तुमची!" चाचणीतले आपल्या ओळखीचे सगळेच कॅप्सूल फोडून पूड जिभेवर ठेवायचे. कडू लागली तर औषध, गोड लागली तर साखर. ज्याची कडू निघेल त्यानं गोडवाल्याला निम्मी द्यायची, हा सगळ्यांनी पाळलेला नियम. तू पडलास शाळामास्तर. म्हणालास, "मी सही केलीय, मी चाखणार नाही. तुला हवी असली तर निम्मी मागून घे, पण कडू की गोड ते मला सांगू नकोस."

तू आईला भेटायला ग्रोनिंगेनला गेलास, त्या रविवारी मी दोन्ही चाखल्या. माझी गोड होती. तुझी इतकी कडू की पाणी पिऊनही जाईना. मी मागितली असती तर तू हसत निम्मी दिली असतीस. मला निम्मी नको होती, योरिस. मला जगायचं होतं, आणि तुझ्याआधी मरायचं नव्हतं. मी दोन्ही डब्यांतल्या कॅप्सूल बदलल्या. मग दर महिन्याला बदलत राहिलो.

त्या कडू पुडीनं माझं रक्त आटवलं. तीनदा रक्त चढवलं. सिस्टर ट्रूस म्हणायची, "काय रे, रक्तात पाणी घालतोस की काय? त्या योरिसकडे बघ, कसा टोमॅटोसारखा लाल!" साखर खाऊन तू लाल आणि तुझं चोरून मी पांढरा. मला तेव्हा लाज नाही वाटली. तुझा राग आला.

आज तू सांगितलंस, औषध तुला छान मानवलंय म्हणून सोमवारपासून डॉक्टर दुप्पट देणार आहेत. वर हसून म्हणालास, "दोघांच्या वाटणीचं मीच घेतो." योरिस, त्यातला कणही तुझ्या पोटात गेलेला नाही. एकपटीनं माझं हे झालं. तोंडानं सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून लिहितोय. हे पत्र आधी डॉक्टरांना दाखव, तोवर काही घेऊ नकोस. उद्या येणार असलास तर हे वाचूनच ये. नाही आलास, तर ट्रूसला मी सांगेन की तुझ्या शाळेत परीक्षा चालू आहेत.

तुझाच,
वेसेल