उंबऱ्याच्या डाव्या अंगाचा लिंब

मार्गासनी,
फाल्गुन शुद्ध पंचमी

प्रिय रतन,

तुझा तिळगूळ संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशीच पोचला. उत्तराला इतका उशीर झाला तो सवड नव्हती म्हणून नव्हे. पुडी मी शाळेत वाटून टाकली; स्वतः एक कणही खाल्ला नाही. तुला वाईट वाटेल, पण खोटं लिहिण्याची मला सवय नाही.

भोरला तुझ्या वर्गाला खिडक्या आहेत, बाकं आहेत, मुली इस्त्रीचे परकर घालून येतात, हे सगळं वाचलं. इथे अजून ओढ्याकाठचं आंब्याचं झाडच आहे. दोन वर्षांपूर्वी देवीची साथ आली आणि आपण शाळा चावडीच्या कोंदट खोलीतून त्या झाडाखाली नेली, ती तिथेच राहिली. मोठी मुलं सकाळी, लहान दुपारी. प्रत्येकाचं गोणपाट घरून, पाण्याचा गडू घरून. पाटी थुंकीने पुसायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची, हे शिकवायला आपल्याला बेरजा-वजाबाक्यांपेक्षा जास्त दिवस लागले होते, आठवतं? मुलं माझ्यादेखत फडकं वापरत आणि पाठ वळली की जीभ लावत. तू खोटंखोटं पाठ फिरवून उभी राहायचीस आणि अचानक वळायचीस. साथीच्या दिवसांतही ते झाड हसायचं.

पण खरी अडचण पाट्यांची नव्हती. घरात देवी आल्या आहेत हे आया तोंडाने सांगत नसत. ‘आई घरात आल्यात म्हनून बोलून दावायचं न्हाई, बाई, कोप व्हतो,’ असं तुझ्याच आईने, अंबूबाईने, मला ऐकवलं होतं. आजारी मुलाची भावंडं मग शाळेत येणार आणि शेजारच्याला देऊन जाणार. पुण्याला कॉलेजात होते तेव्हा अशा समजुतींवर मी तावातावाने बोलत असे. इथे बोलून काही होणार नव्हतं. देवी आल्या की बायका दाराला लिंबाची डहाळी लावतात, एवढं मला पुरेसं होतं. मी म्हटलं, बोलू नका, नुसता लिंब लावा. ज्या दारी लिंब, त्या घरची मुलं झाडाखाली येणार नाहीत. आपण त्यांच्या अंगणाच्या कुडाबाहेर उभं राहून शिकवू. पाडव्याला गुढीपायी सगळ्याच दारांशी लिंब आला, तेव्हा बायकांनी आपणहून ठरवलं की आजाराचा लिंब उंबऱ्याच्या डाव्या अंगाला खोचायचा. ती युक्ती माझी नव्हती, त्यांची होती. म्हणूनच ती चालली.

बदल्यात त्यांनी माझ्याकडून एकच गोष्ट मागितली. कचेरीला कळवायचं नाही. कचेरीचा हुकूम होता की आजारी पोर गावाबाहेरच्या झोपडीत न्यायचं. देवी घरात असताना पोराला आईच्या मांडीवरून उचलायचं, म्हणजे त्यांच्या लेखी देवीलाच घराबाहेर काढायचं. जिची पोर तापाने पडली होती त्या सखूबाईने माझ्यासमोर पदर पसरला. मी शब्द दिला. तू शेजारी उभी होतीस.

पुढचं तुला ठाऊक आहे, तरी लिहिते. वेल्ह्याच्या कचेरीतून शिपाई आले आणि एकही दार न चुकता नेमक्या घरांत शिरले. सखूबाईची तुळसा बांबूच्या ताटीवर रडत झोपडीकडे गेली. दुसऱ्या दिवशी गावात एकाही दाराला लिंब नव्हता, आणि झाडाखाली सगळीच्या सगळी मुलं हजर होती. कुठलीही मास्तरीण पूर्ण हजेरी पाहून खूश होते. मी एकेकाच्या तोंडाकडे पाहत गेले. कुणाच्या कपाळावर तेल थापलेलं, कुणाच्या तोंडावर टॉवेल, डोळे लाल. तापाने फणफणलेली पोरं आयांनी न्हाऊमाखू घालून पाठवली होती, संशय नको म्हणून. त्या पंधरवड्यात जे झालं ते आधीच्या दोन महिन्यांत झालं नव्हतं. तुळसा झोपडीतच दगावली. तिच्यामागे आणखी पोरं दगावली, ती रोग झाडाखालूनच घेऊन गेली होती.

बायका मला म्हणाल्या ते मी ऐकून घेतलं. अंबूबाईने तर दार लावता लावता म्हटलं, ‘शिकल्याली हाय, पर जबानीची न्हाई.’ त्या वेळी मला वाटलं, कुणा चुगलखोराने केलं असेल. मग वैशाखात हरिबा शिपाई झाडाखाली पाणी प्यायला टेकला आणि सहज बोलून गेला, ‘तुमची धाकली मास्तरीन लई हुशार बगा, बाई. फुडं चालली आन् डावी बाजू दावत गेली.’ त्याच महिन्यात तुझी भोरची नेमणूक आली होती.

रतन, तू माझ्या ओसरीवर बसून व्हर्नाक्युलर फायनलचा अभ्यास केलास. तुला वाटलं असेल, हुकूम बरोबर आहे, रोग आटोक्यात येईल. असं तू मला तोंडावर म्हणाली असतीस तर मी भांडले असते आणि कदाचित हरलेही असते. तू ते माझ्या पाठीमागे, माझ्या शब्दाच्या आधाराने उघड झालेली दारं दाखवून केलंस. आणि आजवर प्रत्येक पत्रात मला ‘मातेसमान’ लिहितेस.

मी तुझं नाव गावात कुणाला सांगितलं नाही. अंबूबाई इथे एकटी राहते. लोकांनी तिच्याशी बोलणं टाकलं असतं. दोन वर्षं तो बोल माझ्याच माथी राहू दिला. तो तसाच राहिला असता, हे पत्रही तुला आलं नसतं. पण चार दिवसांपासून खालच्या आळीतल्या दोन घरांतून फोडणीचा वास येत नाही. देवी असताना फोडणी देत नाहीत, तुला सांगायला नको. दारं मात्र मोकळी आहेत, आणि त्या घरची मुलं रोज झाडाखाली माझ्यासमोर बसताहेत. मी परत शब्द द्यायला गेले, तर सखूबाई हसली. माझ्या शब्दाला इथे आता किंमत नाही, आणि ती मला माझ्या बोलण्याने परत मिळणार नाही. ती तुझ्या बोलण्यानेच मिळेल. नसरापूरपर्यंत मोटार आहे, पुढे गाडी मिळते. ये, आणि बायकांसमोर सांग की दारं तू दाखवलीस, बाईंनी नव्हे. अंबूबाईला आधी घरात सांग. तिने हे चारचौघींत ऐकू नये. तू येईपर्यंत मी शाळा बंद ठेवलेली नाही, कारण बंद शाळेची मुलं त्याच घरांत एकमेकांच्या अंगावर निजतील. झाडाखाली निदान मी त्यांना लांब लांब बसवते. उद्याही बसवीन.

रागावलेली, तरी तुझीच,
यमूबाई