आदिनाथ क्लिक्स : सुधारित आवृत्ती

२ नोव्हेंबर, रविवार
आजपासून वेबसाइट मनावर घ्यायची. 'आदिनाथ क्लिक्स' सुरू करून वर्ष होत आलं. भेट देणारे कोण, तर मी (कॉलेजच्या ग्रंथालयातून), मी (मोबाइलवरून) आणि मनिषा (बायको), तीही मी फोन हातात दिला म्हणून. तिने बासरी बंद कशी करायची एवढंच विचारलं. साइट उघडली की बासरी वाजते, ही कल्पना माझी.

एक लेख वाचला : नवशिक्याने पोर्टफोलिओ कसा सुधारावा. फोटो कमी ठेवा, पहिला फोटो सगळ्यात ताकदीचा असू द्या, पसारा नको. सगळं पटलं. म्हणजे दोष फोटोंचा नाही, मांडणीचा आहे. फार बरं वाटलं. इतकं बरं वाटायला नको होतं का, असंही वाटून गेलं.

निश्चय : मावळते सूर्य, पानांवरचे थेंब, भाचीच्या लग्नातली जिलबी, सगळं काढायचं. फक्त म्हाताऱ्या माणसांचे चेहरे ठेवायचे. कृष्णधवल. मागे काळा रंग.

४ नोव्हेंबर
काढलं. जिलबीचं वाईट वाटलं.

पहिला फोटो केशरबाईंचा. देवगाव फाट्यावर पेरूची पाटी घेऊन बसतात. मागच्या हिवाळ्यात गाडी बदलायला उतरलो होतो, तेव्हा काढला. सरळ बघणाऱ्याच्या डोळ्यांत पाहतात. खरं तर माझ्या मागून येणाऱ्या बसकडे पाहत होत्या, पण फोटोत ते कळत नाही.

प्रत्येक फोटोखाली नाव, गाव, जन्मसाल टाकलं. मी ग्रंथपाल, नोंद अर्धवट ठेवणं जमत नाही. ग्रंथालयाच्या कार्डावर लेखक हयात असेल तर जन्मसालापुढे रेघ ओढून पुढची जागा मोकळी सोडतात. तसंच केलं. 'केशरबाई, देवगाव फाटा, १९४८–'. रुबाबदार दिसतं.

७ नोव्हेंबर
रस्त्यात पंडितमामा भेटले. आमच्या ग्रंथालयाचे निवृत्त शिपाई. त्यांचाही फोटो साइटवर आहे, नातवाने दाखवला म्हणे. म्हणाले, फोटो लय झ्याक हाय सर, पण नावापुढं ती रेघ कशाची? मी समजावून सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. म्हणाले, म्हंजी पुढची जागा माझ्यासाठी रिकामी ठिवलीय म्हणा. मी म्हटलं, पद्धत आहे मामा. पद्धत हाय तर ऱ्हाऊ द्या, म्हणाले. आणि चहा न घेता गेले.

पंडितमामा चहा सोडत नाहीत.

९ नोव्हेंबर, रविवार
पेडगावला गेलो. वडील, म्हणजे अण्णा, तिथे धाकट्या भावाकडे असतात. त्यांनी पुन्हा तोच विषय काढला. जगाचे फोटो काढायलास, माझा कधी काढतोस? चांगला एक फोटो हवाय त्यांना. कशासाठी, तेही स्पष्ट बोलतात. मला आवडत नाही ते.

भिंतीवरच्या आईच्या फोटोकडे हात केला. आई अचानक गेली तेव्हा घरात तिचा एकटीचा फोटो निघेना, म्हणून आधार कार्डावरचा मोठा करून फ्रेम केला. ती फ्रेम बघून माझ्या मावशीने ही कोण म्हणून विचारलं होतं. अण्णा म्हणाले, रोज हार घालतो हिला. पण ही तुझी आई न्हाई. ही आधार कार्ड हाय.

मी सांगितलं, आत्ता ऊन फार कडक आहे, सावल्या काळ्या पडतील. ओट्यावरून शेजारच्या सुलाबाई म्हणाल्या, आरं, दिस मावळायलाय, कुठलं ऊन? मग मी सांगितलं, तर मग उजेडच नाही. दोन्ही गोष्टी तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहेत.

१३ नोव्हेंबर
भेटी वाढल्या! कालपासून केशरबाईंचं पान सारखं उघडलं जातंय. लेखातली सूचना किती लवकर लागू पडली. मनिषाला सांगितलं. ती म्हणाली, लोकांना एवढं आवडायलंय तर कुणी काही लिहिलं का खाली? एकाने लिहिलं आहे. हात जोडल्याचं चिन्ह आहे. अभिवादन.

१५ नोव्हेंबर
आज एसटीतून देवगाव फाटा. हॉटेलच्या पत्र्यांवर मोठं बॅनर. केशरबाई. माझ्या केशरबाई. 'भावपूर्ण श्रद्धांजली'. खाली 'शोकाकुल' म्हणून मुलं, जावई, मित्रमंडळ आणि अगदी शेवटी 'आदिनाथ क्लिक्स'. फोटोच्या कोपऱ्यातला माझा वॉटरमार्क त्यांनी तसाच ठेवला होता.

आधी कॉपीराइट आठवला. मग लाज वाटली. मग, लिहायलाच हवं, वाटलं की एवढा मोठा करूनही फोटो फाटला नाही, चेहरा स्वच्छ राहिला. मग पुन्हा लाज.

बस हलली तरी त्या बघत होत्या. त्या दिवशीही त्या बसकडेच बघत होत्या. आज बसमध्ये मी होतो.

१६ नोव्हेंबर, रविवार
पेडगाव रद्द. कामच तसं होतं. पाथरीत फ्लेक्स छापणारा सिद्धोधन, बॅनर त्याचंच निघालं. रागावायला गेलो. त्याने खुर्ची दिली. म्हणाला, सर, घरचे मोबाइलमधला फोटो आणतेत, त्याच्यात म्हातारी भजे खायलीय. आता भजे खाता खाता श्रद्धांजली कशी द्यायची? मग नाव टाकून शोधलं तर तुमची साइट. नाव हाय, गाव हाय, जन्मसाल बी हाय. रेघ बी वढलेली. पुढचं साल तेवढं टाकायचं. लय काम वाचलं.

येताना त्याला मोठ्या फाइली पाठवायचं कबूल करून आलो. त्याचंही बरोबर आहे.

घरी येऊन केशरबाईंची नोंद पूर्ण केली. १९४८–२०२५. आकडे दोनदा तपासले.

२० नोव्हेंबर
पंडितमामा गेले. मधुमेह होता, वय होतं. यात दुसरं काही नाही.

नोंद पूर्ण केली. बासरी काढून टाकली.

२३ नोव्हेंबर, रविवार
पेडगाव. खांद्यावर कॅमेऱ्याची बॅग. पारावर म्हातारी मंडळी बसली होती. मी जवळ जाईपर्यंत एकेक जण काम आठवून उठला. एक जण उठू शकत नव्हते, त्यांनी तोंडावर उपरणं घेतलं.

सुलाबाईंनी लांबूनच हात जोडले. मला सोड रे बाप्पा, कापूस वेचायचा ऱ्हायलाय. मी म्हटलं, अहो मावशी, मी फक्त तब्येत विचारायला आलो. म्हणाल्या, त्येच म्हणते, इचारू बी नको.

अण्णा दाढी करून, पांढरा इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसले होते. सकाळपासून बसलेत, असं भाऊ म्हणाला. खोकत होते, पण खोकताना शर्टाला हात लावत नव्हते. कॉलर चुरगळू नये म्हणून.

मी सांगितलं, बॅटरी चार्ज नाही. बॅटरी माझ्या खिशात होती, चार्ज केलेली. निदान इथे तरी खरं लिहावं.

अण्णा बरं म्हणाले. शर्ट काढून घडी घातली. मग पुढच्या रविवारी.

२५ नोव्हेंबर
मी बी.एस्सी. आहे. फोटो काढल्याने कुणी मरत नाही. मी म्हातारी माणसं निवडली; म्हातारी माणसं जातात. सूर्य ठेवले असते तर सूर्यही मावळलेच होते.

तरी जबाबदारी म्हणून साइटवरच्या उरलेल्या सगळ्यांना फोन करून प्रकृती विचारायची ठरवलं. पहिल्याने नाव ऐकून फोन ठेवला. दुसऱ्या घरी सूनबाई रडायलाच लागल्या. तिसरे म्हणाले, सर, तुमाला काय कळलंय का? खरं सांगा, मन घट्ट हाय माझं. मोहीम थांबवली.

फोटो काढून टाकावेत का? काढले आणि कुणी गेलंच, तर मला आधी माहीत होतं असं होईल. ठेवले तर ते आहेतच.

दुपारभर लॅपटॉप उघडा होता. स्क्रीन काळी, त्यावर ते सगळे. मी पाणी प्यायला उठलो, परत आलो; बघतच होते. टॉवेल टाकला. मनिषाने विचारलं, तर धूळ म्हणून सांगितलं.

२९ नोव्हेंबर
उपाय सापडला. लेखात शेवटी होतं : स्वतःबद्दलचं पान हवंच, लोकांचा विश्वास बसतो. हेच राहिलं होतं! आणि भीती खोटी आहे हे दाखवायचं तर आधी स्वतःचाच फोटो लावायला हवा. प्रामाणिकपणा म्हणतात तो हा. केशरबाईंना खाली सरकवून पहिल्या जागी माझा फोटो टाकला. कृष्णधवल, थोडा गंभीर. 'आदिनाथ, पाथरी, १९८१–'.

मजकूर तृतीय पुरुषी लिहिला. 'मितभाषी स्वभाव. ग्रंथांवर त्यांचं निस्सीम प्रेम. छायाचित्रणात त्यांना अजून बरंच काही करायचं होतं.' मनिषा वाचून म्हणाली, मला कसंतरीच व्हायलंय. लेखनाला ताकद आली आहे.

३० नोव्हेंबर, रविवार
सविस्तर लिहितो.

सकाळी कॉलेजातल्या इंग्रजीच्या सरांचा फोन आला. मी हॅलो म्हटलं. त्यांनी विचारलं, कोण बोलतंय? मी म्हटलं, आदिनाथ. त्यांनी फोन ठेवला आणि मनिषाला लावला : वहिनी, सरांचा मोबाइल कुणाच्या हातात लागलाय का?

दूधवाला दुधाची पिशवी दारात ठेवून बेल न वाजवता गेला. समोरच्यांनी टीव्हीचा आवाज बारीक केला.

मग सिद्धोधन. पांढरे कपडे. दार मीच उघडलं. सर, तुमी? म्हणाला आणि पायरीवरच बसला. पाणी पिऊन झाल्यावर सांगितलं की रात्रीतून डिझाइन तयार केलं होतं, फुकट, संबंध म्हणून. शोकाकुलमध्ये 'आदिनाथ क्लिक्स' ठेवलंय सर, कारण सगळ्यात जास्त नुकसान तर त्यांचंच हाय ना. साइटवर ज्याचा फोटो वर येतो तो गेलेला असतो, असं आता सगळ्या तालुक्याला माहीत आहे म्हणे. सकाळी लोक पेपरच्या आधी माझी साइट बघतात.

भेटी त्यासाठी होत्या.

दुपारी दारात जीप थांबली. पेडगावची माणसं, दाटीने. पुढच्या सीटवर अण्णा. अंगात नुसती बंडी, पायात काही नाही. मी धावलो. त्यांना उतरता येईना. बसल्या जागेवरून त्यांनी दोन्ही हातांनी माझं तोंड धरलं, गाल दाबले, कान दाबले, आंधळा माणूस चाचपतो तसं. मागून सुलाबाईंचं रडणं एकदम थांबलं. मुडद्या, जित्ता हायेस की! म्हणाल्या, आणि मग खरंच रडायला लागल्या.

अण्णांना खुर्ची दिली. बराच वेळ श्वास लागला होता. कुणाच्या तरी मोबाइलमध्ये त्यांनी माझा फोटो पाहिला होता. नाव, गाव, रेघ. वाचता येतं त्यांना. शेवटी म्हणाले, म्या तुझा असला फोटो बघितला. आता तरी माझा काढ.

मी म्हटलं, अण्णा, पांढरा शर्ट राहिला गावाकडे. म्हणाले, काढ.

काढला. बंडीवरच. बरेच काढले.

१ डिसेंबर
सगळे हलले आहेत. एकही शार्प नाही. माझे हात की त्यांचे, सांगता येत नाही.

अण्णा मुक्कामाला होते. चष्मा लावून बराच वेळ बघत बसले. मी म्हटलं, चुकलं, पुन्हा काढू. म्हणाले, हालायलंय. मी म्हटलं, हो, शटर स्पीड. म्हणाले, हालायलंय म्हंजी जित्तं हाय.

सिद्धोधन चौकशीला आला होता. त्याने वाकून पाहिलं. सर, ह्यो बॅनरला चालणार न्हाई. अण्णा म्हणाले, मग बरं हाय.

पण जीपमध्ये बसताना, पुढच्या रविवारी नीट काढ, असं बजावून गेले. आधार कार्ड होऊन भिंतीवर जायचं नाही त्यांना.

७ डिसेंबर, रविवार
पांढरा शर्ट. उत्तम उजेड. हलला.

१४ डिसेंबर, रविवार
हलला. लेन्समध्ये दोष असावा. मनिषा म्हणाली, मागच्या आठवड्यात माझा पासपोर्ट फोटो काढलात, तो कसा नाही हलला? मी म्हटलं, तो भिंतीपुढे होता.

२१ डिसेंबर, रविवार
साइटची सुधारणा पूर्ण झाली. सगळे चेहरे उतरवले. माझाही. आता एकच फोटो आहे, अण्णांचा, बंडीवरचा, पुसट. लेखातल्या एकाही सूचनेत बसत नाही. खाली नाव आणि गाव. जन्मसाल टाकलं नाही, म्हणजे रेघेचा प्रश्नच येत नाही. नोंद अपुरी आहे, याची मला जाणीव आहे.

भेटी : मनिषा.

आज पेडगावला पुन्हा हलला. सुलाबाई मुद्दाम बघायला आल्या होत्या. म्हणाल्या, एवढं शिकून तुला बापाचा एक फोटू येईना व्हय? अण्णा शर्टाची घडी घालत होते. वर न बघता म्हणाले, ह्याला जमंस्तोर मला थांबावं लागतंय बघा.

२८ डिसेंबर, रविवार
काल सिद्धोधनने आपणहून ट्रायपॉड आणून दिला. भारी आहे. म्हणाला, ह्याच्यावर ठिवला की काय बी झालं तरी हालत न्हाई सर.

सकाळी निघताना ट्रायपॉड दाराशेजारीच उभा होता, दिसेल असा. मनिषाने मागून हाक मारली, ट्रायपॉड राहिला. ऐकू आलं नाही. जीप सुटत होती.

जीप सुटायला थोडा वेळ होता.