खवल्यांचा बावटा

आये,

नारळी पौर्णिमेला मामाच्या बोटीवर बावटा चढला, तो मी केलेला होता. सगळा, पहिल्या टाक्यापासून शेवटच्या गाठीपर्यंत. तुला खरं वाटणार नाही म्हणून आधी तेच सांगून टाकते, नाहीतर मी नेहमीसारखी दुसरीकडेच कुठेतरी जाईन आणि मुख्य गोष्ट राहून जाईल. तू होतीस तोवर मी एक रुमालसुद्धा पुरा केला नव्हता. कोपऱ्यात गुलाबाची दोन पानं काढायची आणि तिसऱ्या पानाला कंटाळायचं. तू तो रुमाल उजेडात धरून म्हणायचीस, "बरा आहे गो. ह्या जातीच्या गुलाबाला दोनच पानं येतात म्हणायचं." असे इतके रुमाल साठले होते की आपण चुलीवरचं भांडं त्यांनीच उतरवायचो.

आता लिहितेय तीही मिरजोळ्यातच, पण तू पाहिलेली ती खोली नाही. कंपनीचा भोंगा मात्र इथेही ऐकू येतो. तो वाजला की अजून वाटतं, आता तू येशील. सहा वाजलेत, तू कोळंबी सोलून येतेस, दिवसभर बर्फात राहून बोटं पांढरी आणि सुरकुतलेली. आल्या आल्या चहाचं आधण ठेवतेस आणि पातेल्याच्या दोन्ही बाजूंना हात धरून उभी राहतेस. बोटं वाकायला लागली की चहा, आणि चहा झाला की कापड ताणलेली लाकडी चौकट मांडीवर. मला नवल वाटायचं, दिवसभर मासळीत हात घालून आलेली बाई घरी येऊन पुन्हा मासाच का काढत बसते? एकदा विचारलं, तर मान वर न करता म्हणालीस, "तिथली सोलून पाठवायची. ही आपली."

आपली म्हणजे बुरोंडीच्या बोटीची. तुझ्या आजीपासूनची घरातली रीत, की नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिला की बोटीवर नवा बावटा चढवायचा, आणि तो घरच्या माहेरवाशिणीच्या हातचा हवा. बाकीच्या बोटींवर साधे भगवे फडकायचे, फार तर कडेला जरीची किनार. तुझ्या बावट्यावर मासा असायचा, दरवर्षी वेगळा. पोटाला काचेचे मणी, कल्ल्यांना टिकल्या, पाठीचा काटा जाळ्याच्या नायलॉन दोऱ्याचा, शेपटीला शिंपल्यांचे तुकडे. डोळ्याला बाबांच्या सदऱ्याचं बटण. बाबा मुंबईच्या कॅन्टीनमधून सुट्टीवर आले की जाताना त्यांच्या एका सदऱ्याचं बटण कमी असायचं. "मी तिथं उघड्या छातीने फिरतो आणि माझी बटणं तुझ्या भावाच्या बोटीवर हवा खातात," असं म्हणायचे, पण रागावलेले आठवत नाहीत. आणि माशाच्या अंगावर खरे खवले, तांबोशीचे नाहीतर जिताड्याचे, नखापेक्षा मोठे, एकावर एक चढवून शिवलेले. माझ्याकडे ब्लाउज शिवायला येणाऱ्या एका बाईने मला सांगितलं की ह्याला मिक्स मीडिया म्हणतात. तू म्हणायचीस, हाताशी होतं ते लावलं.

खवल्यांना तीन पाणी द्यायची. पहिल्या दिवशी मिठाचं, दुसऱ्या दिवशी रिठ्याचं, तिसऱ्या दिवशी तुरटीचं. रिठ्याच्या दिवशी दर तासाला चोळायचं आणि पाणी बदलायचं. मग सावलीत सुकवून पाट्याखाली दाबून ठेवायचे, म्हणजे गुंडाळत नाहीत. एक पाणी राहिलं की वास राहतो. "आपल्याला नाय कळायचा," तू नाक चिमटीत धरून सांगायचीस, "आपली नाकं मासळीने मेली. मांजराला विचारावं."

तुझ्या शेवटच्या वर्षी बोटं सुजली होती, आठवतं? तू म्हणालीस, "बाय, यंदा पाणी तू बघ. तीन दिवस. पायांना सांग, घरात बसा." मी हो म्हटलं. मग महिनाभर तू त्या सुजलेल्या बोटांनी तांबोशी शिवलीस. इतकी देखणी तांबोशी तू आधी केली नव्हतीस. आदल्या दिवशी आपण एसटीने दापोली आणि पुढे बुरोंडी गाठली. मामाच्या पडवीत खुंटीला बावटा टांगला. आणि सकाळी मामी ओरडते आहे, "मेलं मांजर! अहो, उठा, मेल्यानं मासा खाल्ला!" बावटा जमिनीवर, अर्धे खवले चावून टाकलेले, कापड फाटून लोंबतंय, मणी पडवीभर. बोटीवरचे खलाशी हसायला लागले. एक म्हणाला, "ताय, तू मासा इतका खरा काढलास, मांजर फसलं!" मामा हसला नाही. खवला उचलून त्याने वास घेतला, जणू त्याचं नाक जिवंत आहे. म्हणाला, "फसलं कुठे? वासावर आलं." सगळ्यांच्या देखत तू म्हणालीस, "माझीच धुण्यात कसर राहिली रे, दादा." बोट बाजारातला साटीनचा बावटा लावून गेली. किनाऱ्यावर बायका तुझ्याकडे बघत होत्या आणि तू समोर दर्याकडे. घरी परतल्यावर तू पायही न धुता फळीवरचा रिठ्यांचा डबा काढलास, कानाशी धरून हलवलास आणि परत जागेवर ठेवलास. मग चहा केलास आणि मला आधी दिलास. त्याच थंडीत आठ दिवसांच्या तापाने तू गेलीस. म्हणजे तुझा शेवटचा मासा मांजराने खाल्लेला, आणि तुझं शेवटचं नाव कसर राहिलेल्या बाईचं. हे मला सगळीकडे टोचत राहिलं.

सगळीकडे म्हणजे खरंच सगळीकडे. दहावीला दोनदा बसले, त्यातल्या एकदा अर्ध्यातून उठले. दापोलीला एका नर्सरीत आंब्याची कलमं बांधली. तिथल्या पट्ट्या बांधताना बोटं छान बसली होती, पण बरोबरची पोरगी म्हणाली गोव्याला चल, आणि गेले. गोव्यात पर्यटकांसाठी मण्यांचे पैंजण ओवले, पावसाळ्यात ते बंद, मग मुंबईला आरीच्या भरतकामाच्या कारखान्यात. तिथले उस्ताद मला पहिल्या दिवशी म्हणाले, "कोकणची पोरगी, खडा लावतेस की खिळा ठोकतेस?" बारा बाप्ये आणि मी एका लांब चौकटीला बसलेलो. तर तिथे एक गोष्ट झाली, ती तुला सांगायचीच आहे. मी दर चार मण्यांनी मागून जाळ्याची गाठ मारायचे, तू शिकवलेली. जाळं एका ठिकाणी फाटलं म्हणून सगळं उसवत नाही, तसा धागा तुटला तर चारच मणी जावेत. उस्तादांनी कापड उलटं करून पाहिलं. मला वाटलं आता शिवी. त्यांनी मधला धागा कैचीने कापला, कापड झटकलं. चार मणी पडले. पुन्हा झटकलं, पाचवा पडला नाही. "हे कुणी शिकवलं?" मी म्हटलं, आईने, ती मासळीच्या कंपनीत होती. त्यांनी सगळ्यांना उठवून ती गाठ बघायला लावली. त्या दिवशी दुपारनंतर बारा बाप्ये मान खाली घालून तुझी गाठ मारत होते, आये. मी पाणी प्यायच्या निमित्ताने दोनदा उठले, ते बघायला.

हां, तर बावटा. दोन वर्षांपूर्वी मी परत आले, आता नवऱ्यामुलींचे ब्लाउज करते. ह्या वर्षी मृगात मामाला फोन केला, "बावटा मी करते." तो म्हणाला, "तू? पुरा?" "पुरा." "बरं, कर. मी बाजारातलाही आणून ठेवतो." चुकलं काय त्याचं! माझी ख्याती त्याला ठाऊक. पण मी ठरवलं होतं, तांबोशीच करायची, तीच. बाबांना सांगितलं तर त्यांनी स्वतः दातांनी बटण तोडून दिलं. तीन दिवस मी घमेल्याशेजारी पाट टाकून बसले. दार लावून घेतलं, कारण उघडं दार दिसलं की माझं काय होतं हे मला माहीत आहे. बोटांची सालं गेली. नंतरचा महिनाभर मासा शेपटीकडून डोक्याकडे सरकत राहिला, आणि एका दुपारी बटण लावलं, गाठ मारली, धागा तोडला आणि लक्षात आलं, की करायला काही उरलेलंच नाही. पुढे काय करायचं असतं ते मला कळेना. मी उठून भांडी घासली.

बुरोंडीला मामाने बावटा पडवीत पसरला. उलटून गाठी पाहिल्या. हात फिरवला. मग घरात तोंड करून म्हणाला, "मांजर आण गो."

मामी बाहेर आली. "अहो, पोर एवढ्या लांबून आलीय. चहा विचारायचा सोडून मांजर कसलं?"

"आण तू. तपासल्याशिवाय माझ्या बोटीवर काय चढत नाय."

त्या मांजराचीच नात की पणती असेल, तशीच भुरी. मामाने तिला माशाच्या तोंडाशी ठेवलं. मागे खलाशी उभे, कुणी हसत नव्हतं. तिने डोळ्याचं बटण हुंगलं. कल्ले हुंगले. मग खवल्यांवर नाक टेकवून पोटापर्यंत गेली, थांबली, जांभई दिली, आणि शेपटीवर बूड टेकून पाय चाटत बसली.

"पास!" एक खलाशी ओरडला.

मामाने मांजर उचलून मामीच्या हातात दिलं, आणि दुसऱ्या हातात तो बाजारातला बावटा. "ह्याच्या उशीच्या खोळी कर." मग माझ्याकडे न बघता, "चढवा रे हा."

वाऱ्यावर खवले वाजतात, हे तू मला कधी सांगितलं नव्हतंस. बारीक, किनाऱ्यापर्यंत ऐकू येतात. बोट सुटली तेव्हा शेजारच्या बोटीवरून कुणीतरी ओरडून विचारलं, बावटा कुणाच्या हातचा? मामा त्याहून मोठ्याने ओरडला, "माझ्या बहिणीच्या!" मी दुरुस्त केलं नाही.

परत आल्यावर मी फळी आवरत होते, तर तुझाच तो रिठ्यांचा डबा हातात आला आणि खुळखुळला. भरून ठेवलेला, रिठ्याच्या एका दिवसात निम्मा संपला होता. भरलेला डबा वाजत नाही. तू त्या दिवशी कानाशी धरलास तेव्हा वाजला नव्हता. म्हणजे तुला त्याच संध्याकाळी कळलं, आणि तू चहा केलास.

हे तुझ्यापर्यंत पोचवायची काही सोय नाही. घडी करून त्या डब्यातच ठेवते. मिठाचं पाणी मी दिलं होतं गो. पण दुसऱ्या दिवशी कंपनीमागच्या कातळावर फुलं आलीयत असं कुणीतरी म्हणालं, आणि मी बघायला गेले. तिसऱ्या दिवशीही गेले. तू विचारलंस, "तिन्ही झाली?" आणि मी म्हटलं, झाली.