विश्रांतीची रंगीत तालीम

ती. ताईस,

तुझ्या धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (कमरेमुळे सध्या प्रत्यक्ष वाकता येत नाही, तरी मनाने पुरेसा वाकलो आहे असं समजून घे.) तुझे गुडघे कसे आहेत? मागच्या पत्रात तू 'उजवा बरा आहे' एवढंच लिहिलं होतंस, त्यावरून डाव्याची कल्पना आली. भावजींना जाऊन येत्या महिन्यात दोन वर्षं होतील. तेव्हापासून तू घराबाहेर फक्त औषधं आणायला पडतेस असं तुझ्या शेजारणीकडून कळतं. (ती मला पत्र लिहिते हे तिला बोलून दाखवू नकोस.) आम्ही सगळे ठीक आहोत. 'ठीक' हा शब्द मी कामावर वापरतो त्याच अर्थाने घे. म्हणजे इमारत अजून उभी आहे, पण आत राहणाऱ्यांनी जपून राहावं.

तुझ्या भावजयीची तब्येत हा या पत्राचा मुख्य विषय आहे, म्हणून तो आधी उरकतो. ती पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारींच्या फोनवर असते हे तुला माहीत आहेच. सकाळी नऊपासून लोक तिला पाणी का येत नाही ते विचारतात, आणि पाणी आलं तर गढूळ का येतं ते विचारतात. संध्याकाळी घरी आली की आपली तीन पोरं. थोरली सहा वर्षांची आणि 'का?' या एकाच शब्दावर जगणारी. जुळे तीन वर्षांचे. (त्यांच्यात अकरा मिनिटांचं अंतर आहे म्हणून एकाला आधीचा आणि दुसऱ्याला नंतरचा म्हणतो. नंतरचा त्या अकरा मिनिटांचा सूड अजून उगवतो आहे.) परवा झोपेत नंतरच्याने तिच्या पोटात लाथ मारली, तर डोळे न उघडता ती म्हणाली, "आपली तक्रार नोंदवून घेतली आहे." मी खूप हसलो. आता हसल्याचं वाईट वाटतं.

कारण गेल्या महिन्यात एका संध्याकाळी ती वेळेवर घरी आली नाही. मी शोधायला खाली निघालो, तर दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या पायरीवर ती बसलेली. दोन्ही बाजूंना पिशव्या, मांडीवर पर्स, चपला नीट बाजूला काढलेल्या. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, काही नाही, बसले. कधीपासून? तर चाळीस मिनिटं. वर घराचा दिवा दिसत होता, पोरांचा आरडाओरडा ऐकू येत होता, आणि त्या वीस पायऱ्या काही तिच्याच्याने चढवत नव्हत्या. रक्त तपासलं, हृदयाचा आलेख काढला, सगळं स्वच्छ. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आजार नाही, नुसती दमणूक साचली आहे. आठ दिवस संपूर्ण विश्रांती घ्या, नाहीतर पुढच्या वेळी अशा पायरीवरून उठवायला माणसं लागतील. हे शेवटचं त्यांनी माझ्याकडे बघून सांगितलं.

आता संपूर्ण विश्रांती म्हटल्यावर समुद्रकिनारा, हे काही कोणाला वेगळं सांगावं लागत नाही. आपल्या लहानपणी बाबा आपल्याला एकदाच समुद्रावर घेऊन गेले होते, तुला आठवत असेल. पायांत बूट, समुद्राकडे पाठ आणि सामानाकडे तोंड करून ते दिवसभर बसले होते. परत येताना आईने विचारलं, समुद्र पाहिलात का? तर म्हणाले, ऐकला. माझ्या बायकोच्या वाट्याला असली सहल येऊ द्यायची नाही असा मी निश्चय केला, आणि रीतसर आखणी करायला घेतली. तिथून सगळं बिघडत गेलं.

तुला माझी नोकरी माहीत आहे. एकोणीस वर्षं मी लोकांच्या इमारतींत जाऊन आग लागली तर काय काय होईल ते त्यांना सांगतो. चांगलं दिसलं तर लिहायला आमच्या तपासणीच्या कागदावर रकानाच नाही. त्यामुळे मी 'समुद्र' असं वर लिहून खाली धोके लिहायला बसलो, तेव्हा पहिलं पान लाटांनीच भरलं. मग ओढ, खड्डे, काचा, खेकडे, ऊन, डोळ्यांत वाळू, कानात पाणी, दुसऱ्याचा कुत्रा, आणि मूल हरवणं (गुणिले तीन). त्यावर उपाय म्हणून सामान : मोठी छत्री, लहान छत्र्या, हवेच्या ट्यूबा, त्यांना हवा भरायचा पंप, पंप बिघडला तर दुसरा पंप. यादी पाचव्या पानावर गेली तेव्हा हिने ती वाचली आणि शांतपणे विचारलं, हे उचलणार कोण? मी म्हटलं, तू काही उचलायचं नाहीस, तुझ्यासाठी स्वतंत्र रकाना आहे. दाखवला. 'अकरा ते अकरा चाळीस : विश्रांती (सक्तीची).' ती त्या रकान्याकडे बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं, भारावली.

किनाऱ्यावरच्या एका लॉजमध्ये खोली ठरवली. तिथल्या व्यवस्थापकाला मी फोन करून काही साधे प्रश्न विचारले. समुद्र किती लांब आहे म्हटलं, तर म्हणाला, "भरतीला जवळ, ओहोटीला लांब." किनाऱ्यावर जीवरक्षक आहे का? आहे. त्याला पोहता येतं का? "माहीत नाही साहेब, अजून वेळ आली नाही." मी हे लिहून घेत असताना त्याने फोन ठेवून दिला. त्यानंतर माझा नंबर दिसला की तो उचलत नाही. खोली मात्र आपलीच आहे, चार माणसांची. जुळे मिळून एक धरले आहेत.

कामावर आमचा एक नियम आहे : ज्या योजनेचा सराव झाला नाही ती योजनाच नव्हे. म्हणून गेल्या रविवारी सकाळी मी घरातच सहलीची रंगीत तालीम घेतली. शेजारी बांधकाम चालू आहे, तिथून मुकादमाला विचारून दोन बादल्या वाळू आणली आणि बाल्कनीत प्लास्टिकवर पसरली. बैठकीच्या खोलीत निळी चादर, तो समुद्र, आणि बाल्कनीच्या दाराशी मोठी छत्री. आरामखुर्ची आणि माझी उन्हाची टोपी देऊन हिला किनाऱ्यावर बसवलं आणि सांगितलं की तुझं काम फक्त विश्रांती घेणं. मुलांना सांगितलं की मी एक लांब शिट्टी वाजवली की असाल तिथून समुद्राबाहेर यायचं आणि छत्रीखाली रांगेत उभं राहायचं. तिघांनी माना हलवल्या. आधीचा लगेच समुद्रात लोळायला लागला, नंतरच्याने वाळू समुद्रात ओतली, थोरलीने समुद्राला घडी का आहे असं विचारलं. एकंदरीत अगदी खरं वाटत होतं. मी बाल्कनीत उभा राहिलो आणि कामावरची शिट्टी वाजवली.

इथे मी तुला एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी मला स्वतःला आधी सुचायला हवी होती. आमच्या इमारतीत दर तीन महिन्यांनी आगीचा सराव मीच घेतो. एक लांब शिट्टी म्हणजे हातातलं टाका आणि खाली मोकळ्या जागेत या, हे गेली सहा वर्षं मी सगळ्यांच्या डोक्यात घालतो आहे. दर वेळी अर्धे लोक येत नाहीत, उरलेले चहा संपवून येतात, आणि मी नोटीस लावतो. या रविवारी मात्र सहा वर्षांच्या मेहनतीला एकदम फळ आलं. थोरलीने दोन्ही भावांना दंडाला धरलं आणि छत्रीकडे न बघता जिना उतरून गेली. मी तिच्यामागे धावलो तर मला धावताना बघून दुसऱ्या मजल्यावरची शिवणकाम करणारी बाई अर्धा शिवलेला झगा आणि तो झगा ज्यांचा होता त्या बाई, अशा दोघांना घेऊन निघाली. पहिल्या मजल्यावरचे बँडमास्तर अर्ध्या गालाला साबण लावून उतरले. दीड मिनिटात सगळी इमारत खाली रांगेत! एवढी कमी वेळ मला आजवर कुठल्याही कारखान्यात मिळालेली नाही. डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं.

बँडमास्तरांनी विचारलं, "आग कुठाय?"

मी म्हटलं, "आग नाही. आम्ही समुद्रावर चाललोय."

यावर लोक काय काय बोलले ते मोठ्या बहिणीला लिहिण्यासारखं नाही. मी सवयीने डोकी मोजली, तर एक कमी. तुझी भावजय. आता एकदा खाली आल्यावर कुणीही, कशासाठीही परत वर जायचं नाही, हा नियम माझाच, आणि तो मी सगळ्यांदेखत मोडला. वर जाऊन बघतो तर ही आरामखुर्चीत, तोंडावर टोपी, एक हात खाली लोंबतो आहे, बोटांना वाळू लागली आहे, आणि गाढ झोप. ताई, ती शिट्टी चार मजले हलवते. ती हिच्यापासून सहा हातांवर वाजली होती, आणि हिच्या कानापर्यंत पोचली नव्हती. मी दारात उभा राहिलो. घाबरून आधी श्वास मोजला. तो चालू होता. मग मला एकदम फार एकटं वाटलं, ते का ते कळलं नाही.

मी पाय न वाजवता खाली आलो आणि मुलांना घेऊन कोपऱ्यावरच्या बागेत गेलो. दोन तास. या दोन तासांत आधीचा घसरगुंडीवर उलटा चढला, नंतरच्याने एका अनोळखी आजोबांची काठी पळवली, थोरलीने मला आई का झोपली, कधीपासून झोपली आणि मरणार आहे का असं विचारलं. मी नाही म्हणालो. तिने का नाही असं विचारलं. मधे एकदा पोरांना खाली बँडमास्तरांजवळ ठेवून वर डोकावून आलो, तेव्हाही ही झोपलेलीच होती. परत आलो तेव्हा उठून चादरीवरची वाळू झाडत होती. कसं वाटलं विचारलं, तर म्हणाली, छान. असा 'छान' मी लग्नानंतर फारसा ऐकलेला नाही. म्हणजे समुद्र तिला मानवतो हे चादरीवरसुद्धा सिद्ध झालं.

तेव्हा येत्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी आम्ही निघतो आहोत. तू जपून राहा, डाव्या गुडघ्याला शेक दे, आणि थोडं तरी बाहेर पडत जा.

तुझा
धाकटा

ता. क. १ : खरं तर एक विचारायचं होतं, ते वर कुठे बसलं नाही. तू छत्तीस वर्षं लहान मुलांच्या वॉर्डात नर्स होतीस. चाळीस पोरं एका नजरेत गप्प करायचीस असं भावजी सांगायचे. तू आमच्याबरोबर येशील का? मी एकटा तिघांना सांभाळतो म्हटलं तरी ही अर्धा डोळा उघडा ठेवूनच पडणार. तू असलीस तर ती दोन्ही डोळे मिटेल. खोलीत एक खाट वाढवून मिळते का ते दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवरून विचारतो.

ता. क. २ : वन्सं, नमस्कार. हे अक्षर माझं आहे. पाकीट चिकटवायला म्हणून पत्र माझ्या हातात आलं आणि मी वाचलं. तुम्ही जरूर या, पण माझ्या जोडीला नको, माझ्या जागेवर या. म्हणजे खाटही वाढवायला नको. डॉक्टरीणबाईंना मी विचारलं होतं, विश्रांतीला कुठे जाऊ? त्या म्हणाल्या, कुठेही जाऊ नका. समुद्र ह्यांनी काढला. त्या दिवशी हे दुसऱ्यांदा डोकावले तेव्हा मी जागी होते. घरात कोणी नव्हतं. नळ ठिबकत होता आणि तो मला काही विचारत नव्हता. ह्यांची चाहूल लागली तशी मी परत टोपी तोंडावर घेतली. हे मी ह्यांना सांगितलेलं नाही, आता वाचतील. वन्सं, पोरांचा कंटाळा आलाय असं समजू नका. मला त्यांची आठवण यावी एवढीच इच्छा आहे. सहा वर्षांत एकदाही तशी वेळ आली नाही. तुम्हालाही त्या घरातून उठायला काहीतरी कारण हवंच आहे. नंतरच्याला केळं दाखवलं की तो ऐकतो.

ता. क. ३ : ताई, वरचं वाचलं. वाचून थोडा वेळ जिन्यात जाऊन बसलो. मग आत येऊन हिला एवढंच विचारलं, की आठ दिवस तू एकटी घरात आणि इमारतीतलं कोणी ना कोणी रोज बेल वाजवणार, त्याचं काय? तिचं ते ठरलेलं होतं. म्हणाली, जाताना पुढच्या दाराला बाहेरून कुलूप लावून जा, सगळी गेली असं समजतील. आत माणूस असताना बाहेरून कुलूप लावलं म्हणून मी आजवर तीन गोदामं बंद पाडली आहेत. हिला ते सगळं समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आपली तक्रार नोंदवून घेतली आहे." शेवटी स्वयंपाकघरामागच्या जिन्याच्या दाराची किल्ली तिने रात्रंदिवस गळ्यात घालायची या अटीवर मी तयार झालो. तू येतेस की नाही ते लवकर कळव. कुलूप तिने कालच आणून ठेवलं आहे.