समासातलं ‘खोटं’

गुरुवार, ६ मार्च

एकही नाही! अख्ख्या प्रकरणात एकही ‘खोटं’ नाही. पेन्सिलीला टोक काढून बसले होते, ते टोक तसंच राहिलं.

तीस वर्षांचा शिरस्ता आहे आमचा. दर गुरुवारी लेखकराव — म्हणजे आमचे हे — कादंबरीचं नवं प्रकरण माझ्या पुढ्यात ठेवतात आणि फिरायला निघून जातात. मी वाचते. जे पटत नाही तिथे समासात लिहिते, ‘खोटं’. कारण द्यायचं नाही, त्यांनी विचारायचं नाही. मुकाट्याने काढून टाकायचं. यांच्या पुरुषांना हा शेरा कधीमधी मिळतो, बायकांना मात्र ओळीओळीला. यांच्या बायका म्हणजे कापडदुकानातल्या पुतळ्या. कपडे चढवाल तशा उभ्या!

आणि आता ही बया. नाव नाही, नुसती ‘ती’. चहाचा शेवटचा घोट कपात ठेवून उठते. जिना उतरताना भिंतीला तळहात लावत उतरते. खोटं बोलायचं असलं की आवाज चढवत नाही, उलट खाली आणते. हे घरबसल्या सुचत नाही कुणाला. बघावं लागतं. जवळून, आणि पुष्कळ दिवस.

कुणाला बघताय, लेखकराव?

शनिवार, ८ मार्च

दुकानात गिऱ्हाईक कमी. चष्म्यांच्या फ्रेमा पुसता पुसता डोक्यात तेच. पात्र जिवंत कशाने होतं? मोठमोठ्या प्रसंगांनी नाही होत. यांनी आजवर बायकांना पुरात लोटलं, आगीतून काढलं, तरी त्या कागदीच राहिल्या. आणि ही एक घोट चहा काय ठेवते, लगेच स्वयंपाकघरात वावरायला लागते! माझ्याच स्वयंपाकघरात.

घरात मात्र या माणसाला समोरचं दिसत नाही की शेजारचं ऐकू येत नाही. सव्वीस वर्षांपूर्वीही आलं नव्हतं ऐकू. जाऊ दे. ते उकरायचं नाही.

सोमवार, १० मार्च

टायपिस्टबाई मजकूर न्यायला आल्या. मुद्दाम बसवून चहा दिला. तळ दिसेपर्यंत प्यायल्या! गेल्या तेव्हा दाराआडून बघत राहिले — दोन्ही हातांत पिशव्या, भिंतीला बोटसुद्धा लावलं नाही. त्या नव्हेत. बिचाऱ्यांवर उगाच संशय घेतला. लाज वाटली. थोडीशीच.

मग दातांची डॉक्टरीण? आठवड्यातून दोनदा हे जातात तिच्याकडे. दाढा उरल्यात दोन. दोन दाढांनी दुखावं तरी किती!

गुरुवार, १३ मार्च

वाचलं.

बया न्हाणीघरात आहे. दार बंद, आत नळ मोकळा सोडलेला. आणि तो बाहेर उभा. पाऊण तास. कडीपर्यंत हात नेतो, मागे घेतो. दार ठोठावत नाही, हाक मारत नाही. बस्, एवढंच. ती आत काय करते तेही सांगितलेलं नाही. तीस वर्षांत यांनी इतकं चांगलं पान लिहिलेलं नाही.

आणि मग संताप आला. माझ्यासाठी कधी पाच मिनिटं तरी उभा राहिलाय का हा माणूस कुठल्या दाराबाहेर?

समासात लिहिलं. ठळक. ‘खोटं’.

तीस वर्षांत पहिल्यांदा मी खोटा शेरा मारला. डॉक्टरीणबाई, भोगा!

शुक्रवार, १४ मार्च

सकाळी हे पान हातात घेऊन आले. “हेसुद्धा?”

“कारण द्यायचं नाही असं ठरलंय ना?” मी म्हटलं. भांडल्यासारखं वाटू नये म्हणून अगदी हळू म्हटलं.

किती तरी वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग म्हणाले, “बरं. तू म्हणतेस तर नसेल पटण्यासारखं.”

मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. जेवण गेलं नाही.

सोमवार, १७ मार्च

एक बाई नवी फ्रेम घ्यायला आल्या. नंबर मोठा. स्वतःचा चष्मा काढला की आरशात नुसतं धुकं, आणि नव्या फ्रेमला तर काचा नाहीत. “तुम्हीच सांगा हो, मी कशी दिसते?” असं रोज कुणी ना कुणी विचारतंच. पण आज का कोण जाणे, त्यांना सांगता सांगता मी स्वतःच आरशात बघितलं.

बुधवार, १९ मार्च

धाकटी बहीण आली होती. चहा झाला, कप विसळायला उठली आणि ओरडली, “अजून सवय गेली नाही का गं ताई तुझी? लहानपणापासून तुझा उरलेला घोट ओततेय मी!”

मी म्हटलं, काहीतरीच काय.

“आणि जिन्यातल्या भिंतीवरचा तो काळा पट्टा? तोही तुझ्याच हाताचा. भाओजींना केव्हाच सांगितलंय मी, रंग देऊन उपयोग नाही म्हणून.”

ती गेल्यावर जिन्यात जाऊन उभी राहिले. तळहात ठेवला. पट्ट्यावर बरोबर बसला. आणि मी आजवर शेजाऱ्यांच्या नावाने बोटं मोडत होते!

ती बया मीच. आणि मग ते दार — ते आमच्याच न्हाणीघराचं दार.

बाळ दवाखान्यातून घरी आलंच नाही, त्या वर्षी मी रोज दुपारी नळ सोडून रडायचे. बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून. डोळे पुसून बाहेर यावं तर हे खुर्चीत, तोंडासमोर पेपर. पेपर! माणूस नव्हे, दगड आहे, असं तेव्हाच मनाशी ठरवलं. सव्वीस वर्षं त्या दगडाशी संसार केला.

त्या पानाची शेवटची ओळ मी त्या दिवशी रागाच्या भरात नुसती नजरेखालून घातली होती. आज शब्दन्‌शब्द आठवतोय. नळ बंद झाला की तो लगबगीने खुर्चीत जाऊन बसतो आणि पेपर उघडतो.

गुरुवार, २० मार्च

नवं प्रकरण आलं. त्यात दार नाही. ते पान परत मागितलं.

“फाडलं गं. तू खोटं म्हणालीस ना.”

हे फिरायला निघाले होते, चपला घालत होते. मी न्हाणीघरात गेले, दार लावलं. नळ सोडला नाही.